आवाज तिचाच होता

ती घटना आठवली की आजही हातातला फोन बाजूला ठेवावासा वाटतो. नोकरीत खून, दरोडे, अपघात पुष्कळ पाहिले. प्रेत पाहून जेवण चुकलं असं माझं फारसं कधी झालं नाही. पण या प्रकरणात प्रेत सापडण्याच्या कितीतरी आधी मला कळून चुकलं होतं की मुलगी या जगात नाही, आणि ते कळलं होतं एका ऑडिओ फाइलीच्या आकारावरून. नावं लिहीत नाही. जे गेले ते गेले, मागे राहिलेल्यांना गावात तोंड दाखवायचं असतं.

मी तेव्हा कराडच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. मलकापूरचा काही भाग आमच्याकडे यायचा. तिथे भाड्याच्या फ्लॅटमध्ये एक जोडपं राहत होतं. नवरा विट्याकडचा, गलाईवाला. विट्याकडची माणसं देशभर दुकानं टाकून जुनं सोनं गाळून शुद्ध करून देतात, त्या धंद्याला गलाई म्हणतात. ह्याचंही दक्षिणेत लांबच्या एका शहरात दुकान होतं. दुकान चुलतभावावर सोपवून तो इकडे आला होता. बायको इस्लामपूरजवळच्या गावची, विधवा आईची एकुलती एक लेक. मूलबाळ नव्हतं.

एके दिवशी तो ठाण्यात आला आणि बायको न सांगता घरातून निघून गेल्याची खबर दिली. आमच्या भाषेत मिसिंग. बायको हरवलेला माणूस ठाण्यात आला की एक तर पाणी मागतो, नाही तर आमच्याशी भांडतो. ह्यानं दोन्ही केलं नाही. ठाणे अंमलदारानं विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं नीट, ओळीत उत्तर दिलं. अंगावरची साडी कोणती, चप्पल कोणती, फोन कोणता. मला ते खटकलं, पण खटकण्याचा पंचनामा करता येत नाही.

दवाखाने झाले, एसटी स्टँड झालं, शेजारी झाले. शेजारीण म्हणाली, भांडणं व्हायची, पण ती कुठल्या घरात होत नाहीत? मुलीचा फोन बंद होता. आईनंही अंगठा उठवून लेकीला शोधण्याचा अर्ज दिला होता; ती गावाकडून एसटीनं यायची आणि ठाण्याच्या बाकावर बसून राहायची. कुणी चहा दिला तर घ्यायची, नाही दिला तर तशीच. एकदा तिची आणि जावयाची गाठ माझ्यासमोरच पडली. ती त्याला म्हणाली, “जावायबापू, मला लिवलेलं कळत न्हाई. तिचा आवाज ऐकवा मला येक डाव. आवाज ऐकला की म्या गप बसते.”

जावई मान खाली घालून हो म्हणाला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती बाई ठाण्यात आली ती पेढे घेऊन. लुगडं धुवट, केस विंचरलेले. दारातल्या शिपायापासून सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवत आत आली.

“साहेब, लेक बोलली! जित्ती हाय. आता त्यो कागुद फाडून टाका.”

“बोलली म्हणजे फोन आला, मावशी?”

“फोन न्हवं, मेसेज. बोललेला. ऐका की.”

तिनं फोन टेबलावर ठेवला. मुलीचा आवाज आला: “आई, मी बरी हाय. काळजी करू नगंस. मी जरा कामात हाय, मागनं बोलते. तू गोळ्या घेत जा येळंवर.” आई त्या आवाजावर मान डोलवत होती, जशी देवळात डोलवतात. ऐकून झाल्यावर तिनं पुन्हा लावला. ठाणे अंमलदार खुशीत म्हणाला, “सर, मिसिंग निकाली काढू या. सज्ञान बाई, स्वखुशीनं गेलेली.” हा ठाण्यातला सुखाचा शेवट. मी म्हटलं, बाई समोर येऊन जबाब देत नाही तोवर काही निकाली निघत नाही.

आमच्या ठाण्यात तेव्हा एक महिला उपनिरीक्षक होत्या. इंजिनिअर होऊन पोलिसात आलेल्या. घरच्यांनी डोक्याला हात लावला असणार, पण आमची मात्र चांदी झाली होती. त्यांनी तो फोन हातात घेतला, वरखाली सरकवला आणि आईला गोडीत म्हणाल्या, “मावशी, अर्ज मागे घ्यायला साहेबांची सही लागते. बसा जरा.” मग मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या.

“सर, हे तिनं बोलून पाठवलेलं नाही. हे जोडून पाठवलंय.”

मला पहिल्यांदा काही कळलं नाही. माझ्या हयातीत फाइल म्हणजे लाल दोरीनं बांधलेली. त्यांनी मला दोन मेसेज शेजारी दाखवले. मुलगी आईला रोज बोलून मेसेज पाठवायची, कारण आईला वाचता येत नव्हतं. त्या जुन्या मेसेजवर माईकचं चिन्ह होतं आणि मुलीचा फोटो होता. नव्यावर हेडफोनचं चिन्ह. म्हणजे फोन तोंडाशी धरून कुणी बोललेलं नव्हतं. एखादं गाणं पाठवावं तशी तयार फाइल पाठवलेली होती.

“बरं, असेल पाठवली. आवाज तर तिचाच आहे ना?”

“आवाज तिचाच आहे. पण फाइल बघा सर किती मोठी आहे.”

मग त्यांनी मला जे समजावलं ते मी आजही कुणालाही सांगू शकतो. आपण फोनवर बोलून मेसेज पाठवतो तेव्हा ते ॲप आवाज दाबून लहान करतं. माणसाचं बोलणं कळायला लागेल तेवढं ठेवतं, बाकीचं टाकून देतं. म्हणून मिनिटभराचा मेसेज शे-सव्वाशे केबीत बसतो. त्या आईच्या फोनमध्ये लेकीचे वर्षानुवर्षांचे मेसेज होते, आणि ते सगळे मिळून भाच्याच्या लग्नाच्या एका व्हिडिओइतकीसुद्धा जागा खात नव्हते. हा नवा मेसेज मिनिटाचाही नव्हता, पण नेहमीच्या दहापट मोठा होता. एमपी-थ्री, आणि तीही सगळ्यात वरच्या दर्जाची म्हणून साठवलेली. दर्जा एवढा वरचा, तर आवाज स्वच्छ हवा. तो उलट जास्त बोदा होता.

“एकदा टाकून दिलेला आवाज परत येत नाही सर. लहान फाइल मोठी करून ठेवली तर नुसती जागा वाढते. मोठ्या पातेल्यात वाटीभर आमटी.”

त्यांनी संगणकावर आवाजाचा आलेख काढला. वरचा सगळा भाग काळा, रिकामा. खाली तेवढी रंगाची पट्टी. आणि ती पट्टीही सारखी नव्हती. “मी बरी हाय” ला पट्टी जरा उंच, “मी जरा कामात हाय, मागनं बोलते” ला एकदम बुटकी. साध्या कॉलचं रेकॉर्डिंग असलं की आवाज असा बुटका होतो, कारण कॉलमध्ये तो आणखी चेपलेला असतो. म्हणजे एक वाक्य जुन्या मेसेजातलं, दुसरं कुठल्या तरी रेकॉर्ड झालेल्या कॉलमधलं. दोन वाक्यांच्या मध्ये मागच्या पंख्याची घरघरही तुटत होती.

मी त्यांना विचारलं, “जिवंत माणसाचा आवाज असा जोडायची गरज कुणाला पडेल?”

बाईंनी दाराकडे पाहिलं. बाहेर आई हवालदाराला दुसरा पेढा घ्यायचा आग्रह करत होती.

पंचांसमोर त्या मेसेजांची जशीच्या तशी नक्कल घेतली. जशीच्या तशी म्हणजे फॉरवर्ड करून नाही, रूप बदलून नाही. फाइलीची हॅश व्हॅल्यू काढली, तो फाइलीच्या बोटाचा ठसाच समजा. एक बिट इकडचा तिकडे झाला तरी तो बदलतो. प्रयोगशाळेकडे पत्र गेलं. दुसरीकडे मुलीच्या फोनचं टॉवर लोकेशन मागवलं. फोन चालू झाला होता दक्षिणेतल्या त्याच शहरात, सराफ बाजारात, जिथे जावयाचं दुकान होतं. जावई स्वतः मात्र त्या दिवशी मलकापुरातून हललेला नव्हता.

आता खरी अडचण पुढे होती. तिकडचा फोन बंद पडला असता, कुणी फोडून गटारात टाकला असता, तर आमच्या हातात काही उरलं नसतं. आमचं पथक पोहोचेपर्यंत पलीकडच्याला संशय येता कामा नये. आणि तो येऊ नये यासाठी एकच उपाय होता. मी बाहेर आलो आणि त्या बाईला म्हणालो, “मावशी, अर्ज राहू द्या इथं. तुम्ही तिच्याशी बोलत राहा. रोज मेसेज करा, आणि इथं येऊन आम्हालाही ऐकवत जा.”

“आवं, ते काय सांगाया पायजे व्हय?” ती हसली.

‘बोलत राहा’ हे मी तपासासाठी बोललो आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बोलेन. पण त्या दिवसापासून तिचा प्रत्येक मेसेज आम्हाला ऐकावा लागत होता. “आगं, जेवलीस का? तिकडं पानी कसलं हाय? केस गळत्यात का आजून? तुज्या म्हशीला रेडकू झालं बग.” मधूनच तिकडून उत्तर यायचं: “आई, मी बरी हाय.” रेडकाबद्दल एक शब्द नाही. नवऱ्याला सोडून गेलेल्या कितीतरी पोरी मी पाहिल्यात. आईशी भांडतील, रडतील, आधार कार्ड मागतील, पण आईच्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय राहणार नाहीत. ही आई मात्र उत्तर नसलेल्या उत्तरावर समाधानी होती. उपनिरीक्षक बाई ते मेसेज ऐकून उठून जायच्या. मला उठूनही जाता येत नव्हतं.

पथकानं त्या शहरातून चुलतभावाला उचललं. मुलीचा फोन दुकानातल्या गल्ल्याखाली एका फडक्यात गुंडाळलेला सापडला. तिथल्या कोर्टातून ट्रान्झिट रिमांड घेऊन त्याला आणलं. तिशीचा पोरगा, भट्टीपुढं बसून डोळे लाल झालेले. फोन तिथवर गेला कसा, तर शेंगदाण्याच्या चटणीतून. विट्याकडून कुणी तिकडं निघालं की गल्लीतल्या सगळ्या घरांच्या पिशव्या त्याच्यासोबत जातात. भाकरी, चटणी, पापड, कुणाची औषधं. वाटेत पिशवी उघडून बघणं म्हणजे भरवसा मोडणं, म्हणून कुणी बघत नाही. लाखांचं सोनं त्या भरवशावर गेलेलं आहे. हा फोन चटणीच्या डब्यात पिशवीत बांधून तसाच गेला. नेणाऱ्याला आजही वाटत असेल की आपण चटणीच नेली.

मी त्याला पाणी दिलं, चहा दिला. मारलं नाही. घाबरलेला माणूस मारानं बोलतो ते खोटंच बोलतो, हे मी फार लवकर शिकलो होतो. 

“तुला कुणी सांगितलं रं हे पाठवायला?”

“दादानं, साहेब. म्हनला, बायकू येका मान्सासंगं पळून गेल्या, सासू गावात बोभाटा करत्या, तेवडी गप करायची हाय. तिनंच बोलून धाडल्यात म्हनून फोनमधी फाइली घालून दिल्या हुत्या. रोज नगं, मधनं मधनं पाठव म्हनला.”

“आणि तुला खरं वाटलं?”

“पयल्यांदा वाटलं. मग तिच्या आईचं मेसेज यायला लागलं. म्या ऐकायचो साहेब. निळी टिक हुयाला पायजे म्हनून ऐकायचो. म्हातारी इचारायची, जेवलीस का. आन माज्याकडच्या फाइली संपल्या.”

“मग?”

“दादाला फोन लावला. म्हनलं, आणिक दे, म्हातारी लय इचारत्या. तर दादा म्हनला, आता न्हाईत, हुत्या तेवढ्याच. त्याच परत पाठव.” मग तो टेबलावर डोकं ठेवून रडायला लागला. “तवा मला कळलं साहेब. जित्ती आसती तर नवी मागून घेतली आसती न्हवं त्यानं?”

त्याला कळूनही त्यानं पुढं दोनदा तीच फाइल पाठवली होती. ते मी त्याला ऐकवलं नाही, दोषारोपपत्रात लिहिलं.

नवऱ्याला त्याच दिवशी ताब्यात घेतलं. पहिल्याप्रथम त्यानं तेच ओळीतलं उत्तर सुरू केलं. मी मध्ये तोडलं नाही. मग उपनिरीक्षक बाईंनी संगणक त्याच्याकडे वळवला आणि तो काळा, रिकामा भाग दाखवला. तो खुर्ची पुढे ओढून बघायला लागला. आणि काय म्हणावं त्यानं? 

“मी तर सगळ्यात भारी क्वालिटी ठेवली होती, मॅडम.”

आवाज जोडायच्या ॲपनं त्याला विचारलं होतं, कमी, मध्यम की उत्तम? त्यानं उत्तम निवडलं. जन्मभर सोन्याचा कस लावलेला माणूस. हलक्या सोन्यावर चोख सोन्याचा शिक्का मारून कुणी समोर आणला असता तर त्यानं दारातच हाकलला असता. पण आवाजाला त्यानं स्वतःच शिक्का मारला आणि वाटलं कस वाढला. हलका ठेवला असता तर कदाचित आम्ही फसलो असतो. हे मनात आलं आणि मला त्याच्यापेक्षा स्वतःच्याच विचाराची शिसारी आली.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, पण आरोपीनं स्वतः दाखवलेली जागा चालते. निवेदन पंचनामा केला आणि त्याच्या मागोमाग त्याच्या गावाकडच्या रानात गेलो. आता कॅनॉलचं पाणी आलंय म्हणून जुनी कोरडी विहीर त्यानं बायको ‘निघून गेल्या’च्या आठवड्यातच जेसीबीनं बुजवून घेतली होती. गावातल्या लोकांनी त्याला शहाणा म्हटलं होतं, जमीन वाढली म्हणून. तहसीलदारांसमोर विहीर उकरली. जे निघालं ते लिहीत नाही. भांडण कशावरून झालं होतं? तिला पुन्हा दक्षिणेत जायचं नव्हतं, आईजवळ राहायचं होतं. एवढंच.

आईला सांगायला मी स्वतः गेलो. अंगणात ती म्हशीला वैरण टाकत होती. मला पाहून तिला वाटलं लेकीला घेऊन आलो, आणि तिनं माझ्या पाठीमागं गाडीकडं बघितलं. ते बघणं मी कुणाला सांगू शकत नाही. मी सांगितलं. ती ओरडली नाही. फोन पदराखालून काढला, तो मेसेज लावला. 

“ही कोन मग? ही बोलत्या न्हवं? तुमाला ऐकू येत न्हाई व्हय?”

“आवाज तिचाच आहे, मावशी. पण ती बोललेली नाही.”

“तिचाच हाय म्हंता, आन ती न्हाई म्हंता.” मग ती हळूहळू खाली बसली. “मीच म्हनले हुते त्याला. आवाज ऐकवा म्हनून. मीच मागितला.”

तिचा फोन आम्हाला पुरावा म्हणून जप्त करावा लागला. कायद्याला मूळ लागतं. पंचांनी सही केली, पाकिटाला लाख लागली आणि तिच्या लेकीचं सगळं बोलणं आमच्या मुद्देमाल खोलीत गेलं, दारूचे कॅन आणि चोरीच्या मोटारसायकलींच्या शेजारी. प्रयोगशाळेचा अहवाल आला: आवाज सदर स्त्रीचाच, बोलणं सलग नाही. खटला उभा राहिला, साक्षी झाल्या. नवऱ्याला जन्मठेप झाली, चुलतभावाला काही वर्षं. आई निकालाला आली नव्हती.

निवृत्तीच्या आधी मी कोर्टाची परवानगी काढली. जुन्या, खऱ्या मेसेजांची एक नक्कल करून घेतली, न दाबता, रूप न बदलता, जशी मुलगी बोलली होती तशी. एका साध्या फोनमध्ये कार्ड घालून मी ती घेऊन गेलो. मनात आलं होतं, निदान एवढं तरी बाईच्या पदरात पडावं.

म्हैस विकलेली होती. तिनं फोन हातात घेतला. मी एक मेसेज लावून दिला. मुलगी हसत होती, शेजारणीच्या मांजराचं काहीतरी सांगत होती. आईनं निम्मा ऐकला आणि बोटानं बंद केला.

“हे खरं हाय?”

“सगळे खरे आहेत, मावशी. मी स्वतः तपासून आणलेत.”

“त्येबी खरंच वाटलं हुतं, साहेब. म्या पेढं वाटलं हुतं त्येच्यावर.” तिनं फोन माझ्या हातात परत ठेवला. “आता ह्यातली कुटली बी ऐकली की वाटतंय, मेलेली बोलत्या. न्या तुमी. मला आता तिचा आवाज नगं.”

लोक विचारतात, या प्रकरणानं काय शिकवलं? पुष्कळ शिकवलं. कुठली फाइल मूळ, कुठली फुगवलेली, कुठला आवाज किती वेळा चेपलाय, हे मी आता अडाण्यालाही समजावू शकतो. पुरावा फॉरवर्ड करू नका, मूळ फोन जपा, जागा नाही म्हणून काही पुसू नका, असं मी भेटेल त्याला सांगतो. खोटं वेगळं काढता येतं, हे मी शिकलो. पण खोट्यानं एकदा खऱ्याला हात लावला की ते खरं ज्याचं होतं त्याला परत देता येत नाही, हेही शिकलो, आणि याचा उपयोग मला अजून कुठेच झालेला नाही. मुलीला मारलं त्याची त्याला शिक्षा लागली. आईकडून लेकीचा आवाज काढून घेतला, त्याचं कलम मी पुस्तकात शोधलं नाही, कारण ते नाही हे मला माहीत होतं.